आधी किरणं, मग इंजेक्शन

"डॉक्टर, लाईट आणि ते नवं इंजेक्शन एकदमच सुरू करा ना!" फुप्फुसाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे नातेवाईक मला हमखास असं सुचवतात. सूचना तर्काला धरून आहे. पण या दोन उपचारांची जोडी जमते की फसते, हे बऱ्याच अंशी क्रमावर ठरतं.

किरणांच्या माऱ्याने कर्कपेशीतला डीएनए तुटतो. त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर सांडले की पेशी धोक्याचा इशारा देते, इंटरफेरॉन पाझरू लागतं आणि मरणाऱ्या पेशींची प्रथिनं टी-पेशींच्या नजरेस पडतात. आजवर लपून बसलेला शत्रू असा उघडा पडतो. मात्र गाठही स्वस्थ बसत नाही. पीडी-एल१ हे प्रथिन वाढवून ती टी-पेशींना ब्रेक लावते. इम्युनोथेरपी, म्हणजेच ते नवं इंजेक्शन, हा ब्रेक सोडवते. अशा ब्रेकांचा उलगडा केल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

'पॅसिफिक' चाचणीत शस्त्रक्रिया शक्य नसलेले, तिसऱ्या टप्प्यातले ७१३ रुग्ण होते. किमो आणि किरणोपचार एकत्र पूर्ण झाल्यावर, आजार वाढलेला नाही हे पाहून, ४२ दिवसांच्या आत दुर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू केलं आणि वर्षभर दिलं. पाच वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्के हयात होते. न घेतलेल्यांपैकी ३३.४ टक्के. या आजारात हा फरक मोठा आहे.

मग हेच औषध किरणांच्या पहिल्या दिवसापासून दिलं तर? 'पॅसिफिक-२'ने नेमकं तेच केलं, आणि फायदा सिद्ध झाला नाही. एक संभाव्य कारण असं, की लिम्फोसाइट्स (टी-पेशी यांतल्याच) किरणांना फार नाजूक असतात. सहा आठवडे छातीतल्या लसिका ग्रंथी आणि मोठ्या रक्तवाहिन्या किरणांच्या वाटेत येतात. ज्या सैन्याच्या जिवावर औषध लढणार, तेच त्या काळात घटलेलं असतं.

चौथ्या टप्प्यात प्रश्न वेगळा असतो: एका जागी दिलेले किरण दूरच्या गाठींवरही परिणाम करतील का? एका गाठीवर किरण दिले असता क्वचित दूरची, किरण न लागलेली गाठही आक्रसते. हा दुर्मीळ 'ॲब्स्कोपल' परिणाम आर. एच. मोल यांनी १९५३मध्ये मांडला. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्याच औषधाच्या दोन छोट्या चाचण्यांच्या १४८ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात किरणांची जोड मिळालेल्यांपैकी ४१.७ टक्के जणांच्या दूरच्या गाठी आक्रसल्या. नुसतं औषध घेतलेल्यांत हे प्रमाण १९.७ टक्के होतं. आकडे आशादायक आहेत, पण एवढ्यावर सरसकट उपचार ठरवता येत नाही.

धोकेही सांगायला हवेत. किरण आणि औषध, दोन्हींमुळे फुप्फुसाला सूज येऊ शकते. नवा कोरडा खोकला किंवा दम लागणं अंगावर काढू नये.

आणि जनुकीय चाचणी? ती तर सगळ्यांच्या आधी. भारतीय रुग्णांत ईजीएफआर या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो आणि अशा गाठींवर इम्युनोथेरपी फारशी चालत नाही. अशा रुग्णांसाठी किमो-किरणांनंतर ओसिमर्टिनिबची गोळी आहे. 'लॉरा' चाचणीत आजार रोखला गेल्याचा मध्यक काळ गोळीमुळे ३९.१ महिने होता, गोळीविना ५.६ महिने. पण इम्युनोथेरपी होऊन गेल्यावर लगेच हीच गोळी दिली तर फुप्फुसाची सूज गंभीर होऊ शकते. म्हणून इंजेक्शनची तारीख विचारण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावं: ईजीएफआरचा रिपोर्ट आला का?