चौथ्या मजल्यावरील मार्जारी

कुत्रा धन्याचा आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणत. ह्या म्हणण्यातील सत्य आम्ही इंदूरच्या ज्या वाड्यात वाढलो तेथे पुरेपूर पाहिले होते. होळकरशाहीत कारकुनीच्या निमित्ताने माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजांचा तो वाडा. तेथे मांजर कोणी आणल्याचे कोणालाच स्मरत नव्हते. ते वाड्याबरोबरच असावे. धान्याच्या कोठीत उंदीर होते, माळ्यावर बाळंतपणाला जागा होती, कौलांवरून साऱ्या आळीत हिंडता येत होते, आणि शिंक्याचे तुटले की बोक्याचे साधतही होते. आम्ही तिला ताकभाताचा घास घालीत असू आणि मांजर पाळल्याचे श्रेय घेत असू. वस्तुतः ती आपले आपण पाहत असे. किती पिले जगली आणि किती गेली, ह्याचा हिशेब वाड्याने कधी ठेवला नाही.

पुढे वाडा गेला. राज्यशासनाच्या सेवेतील बदल्या संपवून आम्ही उभयता चौथ्या मजल्यावरील सदनिकेत स्थिरावलो. तीन वर्षांपूर्वी देवासची भाची ओंजळीत मावेल एवढे एक पिलू घेऊन आली आणि ते येथेच राहिले. खाली अहोरात्र वाहता रस्ता आणि भटक्या कुत्र्यांची टोळी. तेव्हा मनीने घराबाहेर जायचे नाही, असा निर्णय पहिल्याच दिवशी झाला.

आमच्या एका स्नेह्यांना तो रुचला नाही. "रावसाहेब, मुक्या जिवाला जन्मभर कोंडून ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय?" असे त्यांनी विचारले. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रस्त्यावर अपघात आहेत, मारामाऱ्या आहेत, रेबीजसारखे रोग आहेत, हे खरे. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. तुरुंगातील कैदीही वाहनाखाली सापडत नाही. म्हणून आम्ही स्वतःपुरते असे ठरविले की, वाडा आणि आळी मिळून मांजरीला जे जे देत होते, ते ते आता आपण द्यावयाचे.

प्रथम सुरक्षितता. मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच उतरते, असा आपला दृढ समज. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडून रुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली. पण छातीच्या आणि तोंडाच्या जखमा त्यांत सर्रास होत्या. शिवाय जी जागीच गेली ती रुग्णालयापर्यंत पोहोचली नसणार, हेही ध्यानात घ्यावे. आमच्याच इमारतीतील एक बोका कबुतरावर झेप घेताना तिसऱ्या मजल्यावरून पडला. जीव वाचला, जबडा मोडला. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडू शकते, म्हणून आम्ही सज्जाला आणि खिडक्यांना तारेची जाळी बसविली. दर्शनी भागाची शोभा जाते, असे पत्र इमारतीच्या समितीकडून आले. त्याला आम्ही नोकरीतील सर्व अनुभव पणाला लावून सविस्तर उत्तर दिले. जाळी अद्याप जागेवर आहे.

घरातही धोके असतात. फरशी पुसण्याचे फिनाइल मांजरीच्या पायांना लागते आणि पाय चाटताना पोटात जाते. तिच्या यकृताला ते पचविता येत नाही. आपली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा प्राण घेऊ शकते. कांदा आणि लसूण वर्ज्य. फुलदाणीतील लिलीने तर तिची मूत्रपिंडे निकामी होतात. आमच्या घरून ह्या साऱ्यांपैकी फिनाइल आणि लिली हद्दपार झाल्या. उरलेल्या वस्तू कपाटात कुलूपबंद आहेत.

खरी परीक्षा मात्र आहाराची होती. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. वाड्यातील मांजर उंदीर परस्पर मारून खात असे. त्यामुळे आमच्या सोवळ्याला तिने कधी प्रश्न विचारला नाही. बंद दाराआडच्या मांजरीचे तसे नाही. तिचे शरीर मांसावरच चालते. मांसातून मिळणारे टॉरिन न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुर्बल होते. दूधभातावर तिला ठेवणे हे पुण्य नव्हे, उपासमार होय. आणि दूध तर बहुतेक वाढलेल्या मांजरांना पचतही नाही. सौ.ने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दार आपण लावले, तेव्हा तिचे जेवणही आपणच आणायचे." स्वयंपाकघराबाहेर मनीचे वेगळे ताट मांडले गेले. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाला ह्याहून नेमके उत्तर आम्हांस सुचलेले नाही.

सुखाची व्यवस्था त्यामानाने सोपी, परंतु रोजची. कौलांऐवजी पुस्तकांच्या कपाटाचा माथा. तेथून तिला सारी खोली नजरेखाली राहते. झाडाच्या बुंध्याऐवजी काथ्या गुंडाळलेला लाकडी खांब. त्यामुळे आमची आरामखुर्ची वाचली. वाळूची पेटी जेवणापासून दूर, आणि तिची सफाई नित्यनेमाने सकाळी. मांजर शिकार करते ती मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून संध्याकाळी दिवा लावला की आम्ही दोरीला पीस बांधून दहा मिनिटे घरभर फिरतो. शेवटी शिकार तिच्या हाती लागू द्यावी आणि लगेच जेवण द्यावे, म्हणजे ती अंग चाटून समाधानाने झोपते. रंगपंचमीच्या गेरीला आणि दिवाळीच्या फटाक्यांना आतल्या खोलीत अंधार करून एक खोके मांडून ठेवतो. नसबंदी आणि लसी वेळेवर झाल्या. आणि एक गोष्ट वाचकहो, ध्यानी ठेवावी: मांजराला एकादशी घडू देऊ नये. एक दिवस अन्न सुटले तर पशुवैद्य गाठावा. उपवास लांबला तर यकृत बिघडते.

एक विचार मात्र अलीकडे मनात घर करून आहे. घरात सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. मनी तीन वर्षांची, आम्ही सदुसष्टीत. साधी वजाबाकी आहे. वाडा एका पिढीमागून दुसऱ्या पिढीकडे जाई आणि त्यासोबत मांजरही जाई. सदनिकेला अशी परंपरा नाही आणि मुले तर परदेशी. बाहेरचे जग आम्ही तिच्यापासून तोडले, तेव्हा आमच्या पश्चात ती निराधार होणार नाही, हे पाहणेही आमच्याच शिरावर येते. म्हणून एक नस्ती तयार केली आहे. तीत लसींच्या तारखा, आहाराचे प्रमाण, डॉक्टरांचा पत्ता आणि तिच्या नावे बाजूला ठेवलेली थोडी रक्कम अशी सर्व नोंद आहे. देवासच्या भाचीने पदभार स्वीकारण्याचे मान्य केले आहे. अट एकच घातली, "मामा, ते पुस्तकांचे कपाटही द्यायचे बरं का." आम्ही ती टीप नस्तीत नोंदवून खाली स्वाक्षरी केली आहे.