बसला का?

मावळातल्या एका डोंगराच्या पोटात १४ मीटरची एक फट आहे. पाच मजली इमारतीपेक्षा बुटकी. खालून बघितलं की वाटतं, दहा मिनिटांचं काम.

सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आकसला, तडकला. त्यातल्याच एका तड्यात गेल्या डिसेंबरात मी हात घालून उभा होतो. अख्खा पंजा आत सरकवायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा, की पंजा फुगून अडकतो. दुखतं, पण निसटत नाही.

या वाटेवर बोल्ट नाहीत. कॅम आपणच ठेवत वर जायचं. ५ मीटरवरचा मस्त बसला होता. ८ मीटरवर मात्र फट इतकी बारीक होते की बोटांची टोकंच जातात, पायांना तर काहीच नाही. क्रक्स हाच. तिथे डावीकडचा दगड मुठीने ठोकला. डबडं वाजवावं तसा आवाज आला. आत पोकळ.

कॅमला जितक्या जोराने खाली खेचाल, त्याच्या साधारण दुप्पट जोराने तो फटीच्या दोन्ही भिंतींना रेटतो. पक्क्या कातळात हेच आपल्याला वाचवतं. सुटत चाललेल्या पापुद्र्यामागे तोच कॅम पहारीचं काम करतो. तरी मी ठेवला. दुसरी जागाच नव्हती.

९ मीटरवरून पडलो आणि हा निघाला, तर ५ मीटरच्या कॅमखाली आणखी ४ मीटर. उरला १ मीटर. तेवढा तर दोरच ताणतो.

खालून दादा ओरडले, "बसला का रे?"

"बसला!"

खरं सांगितलं असतं तर ते "उतर" म्हणाले असते. तीन रविवार मी तिथूनच परत आलो होतो. शिवाय रोज सकाळच्या मीटिंगमध्ये 'जवळपास झालंय' म्हणायची इतकी सवय, की ते तोंडातून आपसूक गेलं.

पुढच्या दोन मूव्ह नीट आठवत नाहीत. उजवा पाय लटपटत होता एवढं आठवतं. वर पोचल्यावर वेड्यासारखा ओरडलो.

मागून येणारा गिअर काढत येतो, हे विसरलोच होतो. दादा चढायला लागले. ८ मीटरच्या आसपास दोर थांबला. बराच वेळ. मग खालून आवाज आला: टक, टक. ते दगड ठोकून बघत होते.

वर येऊन त्यांनी तो कॅम माझ्या हातात दिला. "दोन बोटांनी निघाला," म्हणाले. बाकी काही नाही.

आम्ही उतरलो. दादांनी मला बिले दिला तिथेच बूट बदलले होते. त्यांचे जुने बूट तसेच पडले होते, पापुद्र्याच्या बरोब्बर खाली.