दहावीचं घर

आमच्या घरात २०२५ ची दहावी चौघांनी दिली. पेपर लिहिले ते भाच्यानं. दादा, वहिनी आणि मी असे तिघं सतरा नंबरचा फॉर्म न भरताच बाहेरून बसलो होतो :)

नातेवाईकांपैकी बहुतेकांना निकाल कळला, मधलं काहीच कळलं नाही. आणि अजून फोन येतात, "आमच्याकडे यंदा दहावी आहे गं, तुम्ही काय काय केलंत?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. सल्ला म्हणून वाचू नका. मी काही शिक्षिका नाही. चर्चगेटला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि भूमितीशी माझा संबंध १९९४ सालीच संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दादाचं घर भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर, माझं त्याच गल्लीत दोन बिल्डिंगी सोडून. वन बीएचके. दादा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. वहिनी घरीच ब्लाऊज शिवते, म्हणजे हॉलमध्ये दिवसभर मशीन आणि बायकांचं येणंजाणं. त्यातच भाचा आणि आठवीतली भाची. आता या घरात 'शांत कोपरा' कुठून आणायचा ते तुम्हीच सांगा.

भाचा सेमी इंग्रजीचा. म्हणजे शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पाचवीत घेताना सगळ्यांनाच ही सोय वाटते, दहावीत तिची दुसरी बाजू कळते. दादाला 'समरूप त्रिकोण' अजून आठवतात हो, पण पोरगा 'सिमिलर ट्रँगल्स' म्हणाला की बापाला वाटतं हे काहीतरी नवीनच आलंय. जे थोडंफार येतं तेही भाषेमुळे गळून पडतं, आणि आईबाप क्लासच्या दारात जाऊन उभे राहतात. आमच्याकडेही क्लास होता, फी दोन हप्त्यांत भरलेली.

आमच्या वेळी असं नव्हतं, असं लिहायचा मोह होतोय. बाबा जुन्या अकरावी मॅट्रिकचे, म्हणजे मार्च १९७५ ला नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली त्याच्या आधीचे. माझ्या दहावीत त्यांनी एकच काम केलं. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री हॉल तिकीट मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. बस्स. पण ते दिवस चांगले होते असंही नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे खातानाचे फोटो यायचे, आणि आमच्या चाळीतला नापास झालेला मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत कोणाला तोंड दाखवत नसे. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, एवढाच काय तो फरक.

असो. मुद्द्यावर येते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रिलिमचे पेपर हातात आले. गणितात ८० पैकी १७. बीजगणित ११, भूमिती ६. त्याच संध्याकाळी क्लासमधून वहिनीला फोन, की मुलगा तीन आठवडे आलेलाच नाही. (तीन आठवडे थांबून का कळवलं हा वेगळा विषय, तो इथे नको.) रोज साडेपाचला दप्तर घेऊन निघणारा मुलगा जायचा कुठे? तर जेसल पार्कच्या चौपाटीवर. खाडीकडे तोंड करून आठ वाजेपर्यंत बसायचा आणि घरी यायचा.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाईल काढून घेतला आणि बोलणं बंद केलं. एका खोलीत चार माणसं आणि कोणी कोणाशी बोलत नाही, असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मी रात्री दोनतीनदा उठून बघते, हा अंथरुणात आहे ना."

मला ती काय म्हणतेय ते लगेच कळलं. जानेवारी २०१० मध्ये मुंबई-ठाण्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येत होत्या, आठवत असेल. त्याच महिन्यात महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' लागला होता, मुलगा आणि त्याच्यावर हात उचलणारा बाप. भाचा तेव्हा वहिनीच्या मांडीवर, काही महिन्यांचा. त्या बातम्या तिच्या डोक्यातून गेल्याच नाहीत म्हणे. पंधरा वर्षं ती या एका वर्षाला भीत आली होती.

मी तिला म्हटलं, चोरून बघण्यापेक्षा सरळ विचार. आपण विचारल्यानं मुलाच्या मनात नसलेलं काही येतं ही समजूत खरी नाही, हे मी ऑफिसातल्या एका समुपदेशनाच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. तिनं विचारलं. भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता. तो म्हणाला, "आई, काय गं... नाही. पण घरातून निघून जावंसं वाटायचं." त्यावर ती काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मंडळ परीक्षेच्या आधी समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, तो तिनं लिहून फ्रिजवर लावला. फोन करायची वेळ आली नाही. तरी कागद तिथे आहे याचा तिलाच आधार होता असं मला वाटतं.

मला भाच्यानं सांगितलं ते एवढंच. "आतू, सर पुढे गेले आणि मी मागे राहिलो. विचारलं की सगळे हसतात. घरी सांगितलं तर बाबा फी काढणार."

आता दादाचं. त्याला 'मुलाला समजून घे' वगैरे सांगून उपयोग नसतो, त्याला कामाचं काहीतरी हातात द्यावं लागतं. रविवारी मी प्रिलिमचा भूमितीचा पेपर त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, मार्क नको बघूस, मार्क कुठे कुठे ठेवलेत ते बघ. कारखान्यात माल कुठे वाया जातो ते तू रोज शोधतोस ना, तसं.

हे ज्यांच्याकडे दहावी आहे त्यांनी जरूर करावं. गणिताचा प्रत्येक पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. पहिल्या प्रश्नात चार पर्यायी आणि चार एकेका गुणाचे, म्हणजे ८. दुसऱ्या प्रश्नात रिकाम्या चौकटी भरायच्या कृती ४ गुणांच्या आणि दोनदोन गुणांची साधी उदाहरणं ८ गुणांची, म्हणजे १२. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण झाले! तिसरा ९ चा, त्यातही ३ गुण चौकटींचे. अवघड म्हणतात ते चौथ्या आणि पाचव्यात, दोन्ही मिळून ११. आणि आमच्या पठ्ठ्यानं काय केलं होतं? चौथ्या प्रश्नापासून सुरुवात. का, तर क्लासमध्ये सांगितलेलं, की मोठी उदाहरणं आधी सोडवा, डोकं ताजं असतं. ज्याचं ९० टक्क्यांचं गणित आहे त्याला ते ठीक असेल. हा तिथेच एक तास अडकला, घाबरला, आणि सोप्या प्रश्नांपर्यंत पोचलाच नाही.

दादा बराच वेळ कागद बघत बसला. मग दोन दिवसांनी पहिल्यांदा मुलाशी बोलला. "चौकटी का सोडल्यास रे?" प्रश्न असा होता, की ज्याला उत्तर देता येतं. 'तुझं काय होणार' याला कुठला मुलगा उत्तर देणार?

पासचं गणितही मी दोघांना मांडून दाखवलं. दोन पेपरांचे ८० आणि शाळेच्या हातातले २०, सगळं मिळून ३५ लागतात. टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांची (२०१० साली यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं). समजा गेलाच, तर ऑक्टोबर नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होते, वर्ष जात नाही. दोन विषयांपर्यंत अडकला तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात नापास म्हणजे आमच्या चाळीतला तो मुलगाच होता. मला वाटतं त्या रविवारी ती पहिल्यांदा नीट झोपली.

पुढे सात आठवडे होते. क्लास बंद केला, उरलेली फी गेली ती गेली. (दादानं यावर एक शब्द काढला नाही, याची नोंद व्हावी!) जवळच एक अभ्यासिका आहे, संध्याकाळी तिथे. रात्री जेवणानंतर वहिनी मशीन बंद करायची आणि भाचा तिला गणित 'शिकवायचा'. ही कल्पना माझी नाही, तिचीच. तो इंग्रजीतलं उदाहरण मराठीत सांगायचा, आणि तिला येत नसल्यामुळे ती खरोखरच विचारायची, "पण हा कोन त्याच्याएवढा कशावरून?" तो दोन मिनिटं थांबायचा, पुस्तक काढायचा. सेमीची जी अडचण होती तिचाच असा उपयोग झाला. दादा आल्यावर त्याच टेबलावर कारखान्याचं रजिस्टर लिहायचा. 'अभ्यास कर' म्हणायची गरज नव्हती, दोघंही डोकं खाली घालून.

घरात एका प्रश्नाला बंदी होती. "किती झालं?" भाचीनं याचा गैरफायदा घेतला, पण ते सोडा. आणि फोनवर 'किती टक्के अपेक्षित आहेत' विचारणारे जे कोणी होते (तुमच्यापैकीच, नावं घेत नाही!) त्यांचे फोन मी घेत होते. मोबाईल परत दिला, रात्री साडेदहाला वहिनीच्या उशाशी ठेवायच्या अटीवर. त्यावरून दोनदा भांडण झालं. सगळं काही गोडीगुलाबीनं चाललं होतं असं समजू नका. फेब्रुवारीत एकदा त्यानं भूमितीचं पुस्तक भिंतीवर फेकलं, मधली पानं अजून सुटी आहेत.

२१ फेब्रुवारीला मराठीचा पेपर. ५ मार्चला बीजगणित, ७ ला भूमिती. अकराचा पेपर, साडेदहाला हजर, म्हणून दादानं पावणेदहालाच रिक्षा आणून उभी केली. २०२३ पासून जादाची दहा मिनिटं पेपर संपताना मिळतात, सुरुवातीला वाचायला नाही. म्हणून घरी सराव करताना वहिनी घड्याळ लावून शेवटची दहा मिनिटं वेगळी सांगायची, "आता चौकटी बघ". भूमितीच्या दिवशी तो बाहेर आला आणि म्हणाला, "पाचवा सोडला." वहिनीचा चेहरा पडला. मग म्हणाला, "पहिले तीन पूर्ण आहेत." दादानं उसाचा रस घेतला, एवढंच. पेपर उघडून उत्तरं ताडून बघायची नाहीत हे ठरलेलंच होतं.

१२ मार्चला विज्ञानाचा दुसरा भाग आणि १५ ला इतिहास, मध्ये १३ ला होळी, १४ ला धुळवड. खाली स्पीकरवर गाणी सुरू. भाचा म्हणाला, अर्धा तास जाऊन येतो. दादानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. पोरगा दीड तासानं आला, हिरवा होऊन. इतिहासात ७१ पडले म्हणजे... नाही, ते भूगोल धरून आहेत, पण त्या दीड तासानं काही बिघडलं नाही.

निकाल १३ मे ला दुपारी एकला. राज्याचा ९४.१० टक्के, त्यामुळे पास होण्याचं कौतुक बाहेर कोणाला नसतं. आमच्याकडे गणितात ५२. मराठी ७८, हिंदी ७४, समाजशास्त्र ७१, इंग्रजी ६६, विज्ञान ६३. उत्तम पाचचे ७०.४० टक्के. म्हणजे ज्या गणितापायी सात आठवडे घर जागं होतं ते टक्केवारीत धरलंच गेलं नाही! हे मी मोजून सांगितल्यावर भाचा इतका हसला की वहिनीही हसायला लागली. दादा मात्र मार्कलिस्टवर गणिताचाच आकडा परत परत बघत होता.

मग अकरावीचं. २०२५ ला पहिल्यांदाच सगळ्या राज्याचे प्रवेश ऑनलाइन झाले, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरायची. दादाला सायन्स हवं होतं, निदान डिप्लोमा तरी. भाचा म्हणाला कॉमर्स, आणि ट्रेननं जाईन, इथे जवळचं नको. दादाचं म्हणणं, पार्ल्यापर्यंत लटकत कशाला? भाईंदर लोकल असते ना, बसून जाईन, असं उत्तर. तीन संध्याकाळी हेच चाललं होतं. फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरला, पसंत्या त्यानं सांगितल्या, दादा मागे उभा राहून बघत होता. कॉमर्स मिळालं, बोरिवलीला. दादा अजून मध्येच म्हणतो, गणितात ५२ होते, सायन्स झेपलं असतं.