शिकणे वेगळे, मूल आपलेच

आपल्या व्यापारी समाजात मुलाची हुशारी जोखण्याच्या दोन कसोट्या फार जुन्या आहेत. पहिली, हिशेब तोंडी करता येतो का? दुसरी, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी चार शब्द नीट बोलता येतात का? गेल्या काही दशकांत लातूरने यात तिसरी कसोटी घातली, ती दहावी-बारावीच्या गुणांची. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक साऱ्या महाराष्ट्रात पसरला. आमच्या नांदेडनेही शिकवणी वर्गांच्या बाबतीत त्याचाच कित्ता गिरवला. या तिन्ही कसोट्यांना न उतरणारे मूल घरात जन्माला आले, तर त्या घराने काय करावे, हा प्रश्न मात्र आपण चारचौघांत क्वचितच बोलतो.

आमच्या कुटुंबात अशी दोन मुले आहेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे. एक माझ्या धाकट्या भावाची नात. ती नांदेडला आठवीत शिकते. बोलण्यात चतुर, चित्रकलेत तरबेज, आजीकडून ऐकून ऐकून भक्तामर स्तोत्राची कितीतरी कडवी तिने मुखोद्गत केली आहेत. पण पुस्तक हाती दिले की एक परिच्छेद वाचताना घामाघूम होते. दुसरा माझ्या मुलीचा मुलगा. तो लातूरला राहतो, वय नऊ वर्षे. तो फार थोडे बोलतो, नजरेला नजर देत नाही, आणि रोजचा रस्ता बदलला तर आकांत करतो. मुलीला अध्ययन अक्षमता आहे, मुलाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. या दोन गोष्टी लोक एकाच पारड्यात टाकतात, परंतु त्या भिन्न आहेत आणि त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत.

अध्ययन अक्षमतेत बुद्धी कमी नसते. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या कौशल्यासाठी मेंदू जी जुळवाजुळव करतो, तिथे अडथळा असतो. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. मात्र त्या चित्रपटातील अडचणी बऱ्याच अंशी इंग्रजी अक्षरांच्या होत्या. आपल्या मराठीच्या अडचणी निराळ्या आहेत. नातीला शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकेने मला त्या एकेक करून दाखवल्या.

'कि' हे अक्षर पाहा. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, पण कानाला 'क' आधी ऐकू येतो. 'सूर्य' शब्दात 'र' उच्चारला जातो 'य'च्या आधी, आणि बसतो त्याच्या डोक्यावर. तोच 'र' 'प्रकाश'मध्ये पायाशी जातो. भ-म, घ-ध, ब-व, प-ष या जोड्यांत फरक जेमतेम एका रेषेचा. आपल्याला हे कधी जाणवलेही नाही, कारण आपल्या मेंदूने ते आपोआप पचवले. ज्या मुलाच्या मेंदूला ते पचत नाही, त्याला शंभर वेळा लिहायला लावणे म्हणजे चुकीची नोंद शंभर पानांवर उतरवून घेण्यासारखे आहे.

त्या बाईंची पद्धत साधी होती. परातीत रवा पसरायचा. अक्षर बोटाने गिरवायचे, गिरवताना मोठ्याने उच्चारायचे, आणि डोळ्यांनी पाहायचे. डोळा, कान, जीभ आणि बोट ही चारही दारे एकाच वेळी उघडली की एखादे बंद असले तरी अक्षर आत जाते. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी १९३० च्या दशकात ज्या बहुसंवेदी पद्धतीचा पाया घातला, तिचेच हे घरगुती रूप. दुसरा नियम असा की सारखी दिसणारी दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवायची नाहीत. 'भ' पक्का झाल्यावर, मध्ये काही दिवस जाऊ देऊन 'म'. तिसरा नियम, वाचताना जाड कागदाला खिडकी कापून ती ओळीवर ठेवायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. चौथा सर्वांत महत्त्वाचा: समजणे आणि वाचणे यांची गल्लत करायची नाही. इतिहासाचा धडा आजीने वाचून दाखवला की नात त्याची उत्तरे तोंडी धडाधड देते. याचा अर्थ इतिहास तिला येतो. परीक्षा इतिहासाची असेल, तर तिथे वाचनाची परीक्षा कशाला?

गणिताची कथा तर आम्हा बँकवाल्यांच्या जिव्हाळ्याची. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, लिहिताना चार आधी. 'एकोणपन्नास' ऐकताना कानावर पन्नास पडतात आणि कागदावर चार लिहायचे असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर विनोद झाले. मला मात्र आज वाटते, त्या पद्धतीचा खरा आधार आमच्या नातीसारख्या मुलांना होता. बाईंनी सुचवल्यावरून आम्ही दुकानाचा गल्लाच तिची पाटी केली. दहाच्या चार नोटा, रुपयाची सात नाणी. 'चाळीस आणि सात'. नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे. दशक आणि एकक यांची ओळख वर्गात दोन वर्षांत झाली नव्हती, ती गल्ल्यावर दोन महिन्यांत झाली.

बँकेतील छत्तीस वर्षांत मी अशी माणसे पाहिली, ज्यांना पैसे भरण्याची स्लिप लिहिता येत नसे, परंतु शेकडा दीड दराने आठ महिन्यांचे व्याज ती उभ्याउभ्या सांगत. पावकी, निमकी, दिडकी त्यांच्या जिभेवर असे. त्यांना आपण अडाणी म्हणत होतो. त्यांतील काहींच्या बाबतीत अक्षरच आड येत असावे, असा विचार आता मनात येतो.

नातीच्या तपासणीचा प्रश्न निघाला तेव्हा घरात वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, कागदावर एकदा शिक्का बसला की पोरीच्या सोयरिकीला अडचण. दहावी कशीबशी होऊ दे, पुढे बघू." त्याची भीती खोटी नव्हती. आपल्या समाजात सोयरिकीची चौकशी तीन गावांवरून येते. मी त्याला एवढेच म्हणालो, "अरे, शिक्का तर बसलाच आहे, 'ढ' म्हणून. वर्गाने मारला, शेजाऱ्यांनी मारला, आता ती स्वतःला तेच म्हणते. त्याऐवजी खरे काय आहे ते तरी लिहून घेऊ." सूनबाईंनी सासऱ्यांसमोर प्रथमच तोंड उघडले. म्हणाल्या, "परवा तिने मला विचारलं, आई, मी मोठी झाल्यावर माझी सही मला येईल का?" त्यानंतर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात तपासणीची तारीख घेतली.

वाचकांनी लक्षात ठेवावे, अध्ययन अक्षमतेचे निश्चित निदान साधारणतः आठव्या वर्षानंतर किंवा तिसरीच्या सुमारास होते. त्याआधी मुले अक्षरे उलटी काढतातच. तेवढ्यावरून घाबरू नये. प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयातून घ्यावे लागते. ते असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही दया नव्हे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला कोणी सवलत घेतली असे म्हणत नाही.

आता नातवाकडे वळतो. ऑटिझमचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली प्रथम सविस्तर केले. पुढे बरीच वर्षे 'आईची माया कमी पडली' असा दोष स्त्रियांना दिला गेला. तो समज शास्त्राने केव्हाच मोडीत काढला. लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा १९९८ चा लेखही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तरीही माझ्या मुलीला नातेवाइकांनी 'गरोदरपणी तू काय खाल्लेस' इथपासून सारे विचारले. शंभर टक्के बरे करण्याची हमी देणारे औषधही एकाने सुचवले. ऑटिझम हा उतरणारा ताप नाही. ती मेंदूची वेगळी घडण आहे. मूल शिकते, पण त्याच्या वाटेने.

लातूरच्या विशेष शिक्षिका पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "काका, तुम्ही फार बोलता. एका वेळी एकच वाक्य, आणि मग मनात दहा आकडे मोजा." मोजू लागलो. सातव्या-आठव्या आकड्याला नातवाने हात पुढे केला. त्याला ऐकू येत होते. आतून उत्तर यायला वेळ लागत होता आणि आपण तेवढा वेळ देत नाही.

या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक उमगते. म्हणून त्यांच्या घरी भिंतीवर चित्रांची पट्टी आहे: उठणे, दात घासणे, दूध, शाळा, दुकान, झोप. काम झाले की चित्र काढून डब्यात टाकायचे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे एरिक शॉप्लर यांनी १९७० च्या दशकात 'टीच' नावाचा जो कार्यक्रम उभारला, त्याचा गाभा असाच आहे: मुलाला बदलण्याआधी त्याच्या भोवतालची मांडणी स्पष्ट करा. पाहुणे येणार असतील किंवा गावाला जायचे असेल, तर ते चित्र आदल्या दिवशीच पट्टीवर लागते. आकांत निम्म्याने कमी झाला.

बटण लावायला शिकवताना उलट क्रम वापरला. आईने सगळी बटणे लावायची, शेवटचे तेवढे त्याने. ते जमले की शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते, आणि पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो. 'जरा थांब' हे त्याला कळत नाही, कारण 'जरा' दिसत नाही. वाळूचे घड्याळ दिसते. 'डोक्यावर बसू नकोस' असे म्हटले तर तो गोंधळतो. तो कोणाच्या डोक्यावर बसलेलाच नसतो. लग्नातला बँड, मिक्सर, डाळमिलचा आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र ऐकू येतो, म्हणून तो कान झाकून पळतो. तो हट्ट नव्हे, वेदना आहे.

त्याचे सारे जग आगगाडीचे आहे. मी नांदेडहून जातो, त्या मार्गावरची स्थानके त्याला क्रमाने पाठ आहेत: पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड. पूर्वी सगळे म्हणत, हे वेड सोडवा. बाई म्हणाल्या, "ते वेड म्हणजे दार आहे, त्यातूनच आत जाऊ." स्थानकांच्या पाट्यांवरून तो वाचू लागला, वेळापत्रकावरून घड्याळ शिकला, तिकिटाच्या रकमेवरून बेरीज.

मराठवाड्यात सोयी मुंबई-पुण्याइतक्या नाहीत, हे खरे. पण काहीच नाही असेही नाही. लातूरला ऑटिझमसाठी 'उमंग' ही संस्था आहे, जवळच हरंगुळला मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत.

शेवटी माझ्या पेशाचे थोडे. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, शिकवणं आम्ही करू. आमच्यानंतर काय, ते तुम्ही सांगा." या प्रश्नाचे निम्मे उत्तर कागदपत्रांत आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. ऑटिझम असलेल्या प्रौढासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आणि त्या प्रमाणपत्रावर बँका खाते उघडतात व चालवू देतात. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. जुन्या करप्रणालीत अशा अवलंबिताच्या पालकाला ७५,००० रुपयांची, तर दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. मृत्युपत्रात मुलाच्या नावे नुसती रक्कम ठेवण्याऐवजी त्याच्यासाठी न्यास करून विश्वस्त नेमावेत.

उरलेले निम्मे उत्तर मात्र कोणत्याही कचेरीत मिळत नाही. नातू उद्या दुकानात बसला, तर शेजारचा दुकानदार त्याला दहा आकडे मोजण्याइतका वेळ देईल का? पाठशाळेत वाचता न येणाऱ्या मुलीला गुरुजी ऐकून म्हणू देतील का? समाजाच्या पुढच्या स्नेहसंमेलनासाठी माझी कार्यकारिणीला विनंती आहे, लाउडस्पीकरपासून दूरची एक शांत खोली राखून ठेवावी. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी ते घरी न ठेवता बरोबर आणावे. आम्ही आमचा नातू घेऊन येणार आहोत.