यात पतंग कुठंय?

स्केअर्स व्हेपरर हा इंग्लंडमधला दुर्मीळ पतंग. दक्षिण यॉर्कशायर, लिंकनशायर, नॉरफोक अशा मोजक्या भागांतल्या पाणथळीत आणि काटेरी झुडपांच्या कुंपणांत तेवढा सापडतो. अशा जिवाचे सुरवंट माझ्या हाती कुणी का द्यावेत, हे मला अजून उलगडलेलं नाही. पतंग म्हणजे दिव्यावर आपटणारं काहीतरी, एवढंच माझं ज्ञान. पण डॉनकास्टरला आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत होते, आता पतंग पाळतात. एप्रिलमध्ये त्यांनी जाळीच्या झाकणाचा डबा माझ्या हातात ठेवला. "हॉथॉर्नची कोवळी पानं घाल. आणि हात लावू नकोस, ब्रशनं उचल."

ब्रश कशाला, हे लहानपणी अंगावर सुरवंट पडलेल्याला विचारावं लागत नाही.

याचा भाऊबंद, नेहमीचा व्हेपरर, हिवाळा अंड्यात काढतो. हा बारीक अळी होऊन निजतो आणि वसंतात उठतो तो खायलाच. हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाच्या डहाळ्या आणून मी थकलो. मग काही सुरवंटांनी आकारानं लहान असतानाच स्वतःचे केस रेशमात गुंफून कोष विणले, बाकीचे चरतच राहिले. मला वाटलं, काहीतरी रोग पडला. आजोबा हसले. "लहान ते नर. मादीला अंड्यांपुरतं आत्ताच जेवून घ्यायचंय, नंतर तिला जेवणच नाही."

नर आधी निघाले. तपकिरी, पंखावर पांढरा ठिपका आणि टोकाशी आणखी एक पांढरी खूण. ही दुसरी खूण नेहमीच्या व्हेपररला नसते म्हणे. इथवर सगळं समजत होतं.

मग मोठा कोष फुटला आणि बाहेर आला एक तपकिरी लोकरीचा गुंडा. सहा पाय, फुगलेलं पोट, पंखांच्या जागी खुंट. पंख सुकून पसरतील म्हणून मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ते पसरायचेच नव्हते. पंख आणि उडायचे स्नायू यांवरचा सगळा खर्च वाचवून तो अंड्यांकडे वळवलेला. ही बाई कोषावरून हलतसुद्धा नाही. तिथेच बसून शेपटाकडून गंध सोडते.

तोवर माझे नर मरून गेले होते. आजोबांच्या सांगण्यावरून तिचा जाळीचा डबा पाणथळीकडच्या कुंपणाला टांगला. मला कसलाही वास येत नव्हता, पण दुपारी कुठूनसा एक नर वेडीवाकडी वळणं घेत आला आणि पिसांसारख्या मिशा हलवत थेट जाळीवर आदळला. झाकण उघडलं, त्यांचं जमलं, आणि तिनं सगळी अंडी स्वतःच्याच कोषावर घातली.

हे पाहिल्यावर इथल्या कुंपणं छाटणाऱ्या यंत्रांचा मला राग येऊ लागला. उडणारी मादी दुसरी झाडी शोधेल. हिची अंडी, कोष, पिल्लं एका फांदीबरोबर जातात. नव्या जागी जायचं तर ते काम केसाळ बारीक अळ्यांचं. धागा सोडून वाऱ्यावर जातील तेवढ्या.

त्या अंड्यांतून निघालेल्या माझ्या अळ्या आता डब्यासकट बाहेरच्या पडवीत आहेत. आईनं पुण्याहून फोनवर विचारलं, "बर्फात त्यांना घरात घेशील ना?" नाही घेणार. उबेनं त्या जानेवारीतच उठतील, आणि तेव्हा हॉथॉर्नला एक पान नसतं.