चारबागेतील हरिश्चंद्र

यंत्राच्या ध्यासाने झपाटलेल्या माणसाचे चरित्र पडद्यावर आणताना दिग्दर्शकापुढे एक पेच उभा राहतो. त्याचा उदय दाखवून थांबावे, की अस्तापर्यंत त्याच्यासोबत जावे? परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने या पेचाला दिलेले उत्तर पुण्यामुंबईत सहज पटते. अवधात मात्र ते तपासून पाहावे लागते.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) आद्य चित्रपटकार म्हणून वंदनीय झाले, परंतु ते आधी तंत्रज्ञ आणि कारखानदार होते. छायाचित्रण, ठसे तयार करणे, मुद्रण हे व्यवसाय त्यांनी केले. १९१२ साली लंडनहून त्यांनी कॅमेरा आणला आणि रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळविला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. सिनेमातील नोकरी त्या काळी प्रतिष्ठेची नव्हती; तेव्हा नटांनी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगावे, ही फाळक्यांची युक्ती. मोकाशींच्या चित्रपटाचे नाव तिच्यावरूनच आले आहे.

परंतु हरिश्चंद्र हा मूळचा अयोध्येचा राजा. लखनौच्या चारबाग स्थानकावरून अयोध्येस आणि पुढे काशीस गाड्या जातात; राजाने राज्य सोडले ते गाव आणि पत्नीला विकले ते गाव या एकाच लोहमार्गावर येतात. भारतेन्दु हरिश्चन्द्रांनी हेच कथानक घेऊन हिंदीत ‘सत्य हरिश्चन्द्र’ हे नाटक लिहिले. तेव्हा मराठी माणसाने मुंबईत उभारलेला हा कारखाना येथील प्रेक्षकाला परका वाटत नाही. आपल्याच घरची कथा दूरदेशी जाऊन परत आली, असे त्याला वाटते.

चारबागजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी हा चित्रपट शेजाऱ्यांना दाखविला. नंदू माधव यांचे फाळके पाहून मंडळी मनमुराद हसली. एक वृद्ध शेजारीण तेवढी गंभीर होती. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, ‘‘भाईसाहेब, त्या बाईच्या घरातले विकलेले सामान पुन्हा आले का?’’ गृहस्थांपाशी उत्तर नव्हते. चित्रपट १९१४ च्या लंडन-भेटीच्या यशापाशी थांबतो, इतकेच ते म्हणाले.

हा प्रश्न भाबडा नाही. हरिश्चंद्राच्या कथेत राजाच्या सत्यव्रताची किंमत तारामती मोजते. फाळक्यांच्या घरात ती सरस्वतीबाईंनी मोजली. फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक ही कामे त्यांच्याकडे होती. पडद्यावरची तारामती साळुंके नावाचा पुरुष झाला; पडद्यामागची तारामती मात्र घरातच होती. विभावरी देशपांडे यांनी ही सहधर्मचारिणी प्रसन्नपणे उभी केली आहे. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नाही, हे चित्रपटाचे सौंदर्य आहे आणि त्याची उणीवही.

कारण १९१४ नंतरचे आयुष्य हसण्याजोगे नव्हते. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी न पटल्याने फाळके काशीस निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले; पण बोलपट आल्यावर त्यांचे मूकचित्रांचे कसब कालबाह्य ठरले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी जन्मास घातलेला धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता.

उद्योजकाचे चरित्र विजयाच्या क्षणी संपविण्याची रीत जगभर रूढ आहे. मोकाशी यांनी तसे केले म्हणून त्यांनी असत्य सांगितले, असे कोणी म्हणू नये; धडपडीतला आनंद हाच त्यांचा विषय होता आणि तो त्यांनी इमानाने मांडला. तथापि हरिश्चंद्राच्या पुराणकथेत अखेर देव प्रकट होतात आणि राज्य, पुत्र, पत्नी सारे परत मिळते. फाळक्यांच्या कथेत देव आले नाहीत. शेजारणीचा प्रश्न नेमका या फरकावर बोट ठेवतो. पुढे कोणी फाळक्यांवर दुसरा चित्रपट काढला, तर तो त्या प्रश्नापासूनच सुरू व्हावा.