सुईच्या अलीकडे

मी नर्सिंग शिकायला लागले ते १९८०च्या सुमारास. तेव्हा सिरिंज काचेच्या असत. सकाळच्या पाळीला आल्या आल्या नळी आणि दांडा वेगळा करायचा, गॉजमध्ये गुंडाळायचा आणि स्टरलायझरमध्ये उकळत ठेवायचा. उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं मोजायची. मध्येच कुणी आणखी एक सुई आत टाकली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सुया त्याच त्याच वापरायच्या, म्हणून त्यांची टोकं तपासणं हे आम्हा विद्यार्थिनींकडे असे. कापसाच्या बोळ्यावरून टोक अलगद ओढायचं. तंतू अडकला, तर टोक वळलंय असं समजायचं आणि ती सुई दगडावर घासायला बाजूला ठेवायची.

'सिस्टरचा हात हलका आहे,' असं लोक कौतुकाने म्हणतात. हलका हात सरावाने येतो. इंजेक्शन धोक्याचं की बिनधोक, हे मात्र बहुतेक वेळा सुई कातडीला लागायच्या आतच ठरून गेलेलं असतं. एवढं कळायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि ते शिकवलं लहान मुलांच्या वॉर्डाने.

त्या काळी पोलिओ सर्रास होता. पाय लुळा पडलेलं पोर कडेवर घेऊन आई यायची आणि सांगायची, "ताप होता, गावात कमरेत सुई दिली, तेव्हापासून उठेना झालंय." काही मुलांच्या बाबतीत सुई खरोखर चुकीच्या जागी गेलेली असे. कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरणारी सायटिक नस ही अंगातली सगळ्यांत जाड नस. औषध तिच्यात किंवा तिच्या लगत गेलं, तर पाऊल उचलेनासं होतं. काही मुलांची गोष्ट वेगळी होती. पोलिओचा विषाणू आधीच अंगात शिरलेला, ताप त्याचाच. अशा वेळी स्नायूत सुई टोचली, तर ज्या पायाला टोचलं तोच पाय जाण्याचा धोका वाढतो. जागा बरोबर, सुई उकळलेली, औषधही चांगलं, तरी ते इंजेक्शन द्यायलाच नको होतं. हे वॉर्डात उभं राहून समजून घेताना मला आतून हलल्यासारखं झालं. पुढे साध्या तापाला 'सुई द्याच' म्हणणारी आई आली, की मी तिला बसवून घ्यायची. तिची समजूत काढण्यात पाच सुया देऊन झाल्या असत्या एवढा वेळ जाई. पण तोही माझ्या कामाचाच भाग होता.

जागेबद्दल मी हट्टी झाले ती तेव्हापासून. तान्ह्या बाळाला लस मांडीच्या पुढच्या बाहेरच्या अंगाला देतात, कारण तिथे स्नायू भरलेला असतो आणि मोठी नस जवळ नसते. मोठ्या माणसाला कमरेत द्यायचं, तर एका कुल्ल्याचे मनाने चार भाग करायचे आणि वरचा बाहेरचा भाग घ्यायचा. त्यासाठी कपडा पुरेसा खाली यावा लागतो. बायका संकोचतात, साडी बोटभर सरकवतात आणि म्हणतात, "द्या इथंच." त्यांचा संकोच मला मान्य आहे. म्हणून पडदा ओढावा, नातेवाइकांना बाहेर काढावं, थोडं थांबावं. पण अंदाजाने टोचू नये.

थांबण्याची आणखी एक जागा म्हणजे रुग्णाचं तोंड. "औषधाची ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण "नाही" म्हणतो. "कुठल्या गोळीने, सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ सुजले होते का?" असं विचारलं, की माणूस आठवायला लागतो. एका आजोबांना अँटिबायोटिक द्यायचं होतं. केसपेपरवर डॉक्टरांची सही होती, औषध सिरिंजमध्ये भरायचं तेवढं बाकी होतं. मी गांधींचं विचारल्यावर त्यांच्या सुनेने पिशवीतून जुना कागद काढला. त्यावर पेनिसिलीनच्याच घराण्यातलं नाव होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषध बदललं. डॉक्टरांना उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही. लिहिणारा एक आणि देणारा दुसरा असण्याचा फायदाच हा, की चूक दोघांच्या नजरेखालून जाते. आणि सगळं विचारूनही घात होऊ शकतो, म्हणून हाताशी ॲड्रेनलिन असल्याशिवाय मी असलं औषध कधी दिलं नाही.

पुढे प्लॅस्टिकच्या सिरिंज आल्या आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण वस्तू एकदाच वापरायची म्हणून ती एकदाच वापरली जाते असं नाही. २००९मध्ये गुजरातेत मोडासा भागात कावीळ ब पसरली, अनेकांचे जीव गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात असल्याचं तपासात निघालं. ती बातमी वाचून मी संतापले. सरकारी लसीकरणात २००५पासून आलेल्या सिरिंजचा दांडा एकदा दाबला की अडकतो, परत ओढता येत नाही. माणसाच्या सचोटीवर सोडायला नको अशा गोष्टी यंत्राने अडवाव्यात, यात मला कमीपणा वाटत नाही.

आता सुई घरी आली आहे. यजमानांना इन्सुलिन लागतं. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १००च्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात पन्नास युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुकानदार "एकच आहे हो" म्हणून भलती सिरिंज हातावर ठेवतो. मी काउंटरवरच बाटली आणि टोपण शेजारी धरून पाहते. पोटावर रोज जागा बदलते, नाहीतर कातडीखाली गाठी होतात आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

नातीला दीड महिन्याच्या लसी द्यायला मुलीबरोबर आरोग्य केंद्रात गेले होते. तिथली सिस्टर वयाने माझ्या मुलीहून लहान. लस खराब झालेली नाही ना, हे कळायला बाटलीवरच्या खुणेतला चौकोन तिने उजेडात धरून बघितला, बाळाचा पाय आईला कसा धरायचा ते दाखवलं, टोचल्यावर टोपण परत न लावता सुई कटरमध्ये घातली. कोणती लस कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुन्हा कधी यायचं, सगळं सांगितलं. शेजारच्या बाईला एसटी गाठायची होती. बाळाला टोचून झाल्याबरोबर ती उठली. सिस्टरने तिचं कार्ड टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाली, "ताई, अर्धा तास बसा. बाळाला काही झालं, तर एसटीत मी नसेन. कार्ड जाताना देते."

बाई कुरकुरत बसली. मी तिला सरकून जागा दिली.